दोन पायांची कीड

इनोबतच्या परसातली टोमॅटोची रोपं कोणीतरी कापत होतं. संध्याकाळी पाटाचं पाणी फिरवून ती घरात जायची तेव्हा रोपं ताठ उभी असायची, आणि सकाळी तंदूर पेटवायला बाहेर आली की ओळीतली दोन-चार आडवी पडलेली दिसायची. पानं शाबूत, शेंडा शाबूत, फक्त मातीलगत देठ तुटलेला. तोही असा सफाईदार, की जणू विळ्याने सपकन उडवलाय. कोंबडी शिरली असती तर पानांना टोचे दिसले असते. शेळी शिरली असती तर शेंडा उरलाच नसता. इनोबत उकिडवी बसून एकेक देठ बोटांत फिरवून बघायची आणि तिची नजर आपोआप पूर्वेकडच्या बुटक्या मातीच्या भिंतीकडे जायची.

भिंतीपलीकडे रिसोलत राहायची.

दोघी एकाच वसंतात तोलकिश्लाक गावच्या या गल्लीत सुना म्हणून आल्या, आणि तेव्हापासून दोघींचं एकमेकींशिवाय पानही हललं नाही आणि एकमेकींशी पटलंही नाही. कुवाच्या बाजारात दोघींच्या जागा शेजारी-शेजारी. एकीची कोथिंबीर आधी संपली की दुसरीचं तोंड आंबट. गेल्या उन्हाळ्यात इनोबतचे टोमॅटो आधी लाल झाले, आणि रिसोलत तिच्या हिरव्या टोमॅटोंसमोर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "घ्या घ्या, शेजारणीकडून घ्या. तिच्या टोमॅटोला माझ्या वाटणीचं पाणी मिळालंय, गोड असणारच!"

ते वाक्य इनोबतच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आता रोपं आडवी पडायला लागली तशी तिला वाटलं, काट्याचं मूळ सापडलं.

घरात बोलायला माणसं थोडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा इल्योस रशियात इमारतींच्या कामावर. घरी ती, सून गुलसनम आणि ऐंशी उलटलेले सासरे खोलमत बाबा. गुलसनम रिश्तानच्या कुंभारांची लेक. तिला माती कळायची, पण ती भांड्यांची. भाजीच्या वाफ्यात ती कमी आणि जपून बोलायची. बाबा दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली लाकडी बैठकीवर चहाचा पियाला घेऊन बसायचे. कधी सगळं आठवायचं, कधी समोरच्या पियाल्यात चहा आहे हेही विसरायचे.

"बघ," इनोबतने कापलेलं रोप सुनेपुढे धरलं. "बघ, कसं कापलंय. हे किड्याचं काम वाटतं तुला?"

"मला काय कळतं ओयी त्यातलं?" गुलसनम म्हणाली. सासूला ती 'ओयी', म्हणजे आई, म्हणायची.

"कळायला काय लागतं? डोळे लागतात. परवा तिने द्राक्षं छाटायची नवी कात्री आणली. मला मुद्दाम दाखवत होती. म्हणे, लोणी कापावं तशी चालते."

"त्यांचं दार तर संध्याकाळीच बंद होतं, ओयी."

"भिंतीला दार लागत नाही," इनोबत म्हणाली. "तिची भिंत माझ्या कमरेएवढी आहे."

त्यानंतर तिने भिंतीवर पाळतच ठेवली. रिसोलत वाफ्यात वाकली की इकडे इनोबत वाकायची, रिसोलत उभी राहिली की ही उभी. भिंतीच्या कडेला माती सुटली होती, ती कशाने सुटली? मांजराने? की कोणाच्या सपाताने? रिसोलत एकदा गुणगुणताना दिसली. आता टोमॅटोची लावण चालू असताना, कंबर मोडेस्तोवर काम असताना माणूस गुणगुणतो का? काहीतरी आनंद झाल्याशिवाय?

"काय गं इनोबत," एके सकाळी रिसोलतने भिंतीवरून विचारलं, "मला नजर लावून माझे कांदे वाढवतेयस की काय?"

"कांद्यांना कसली नजर लागणार! नजर लागते ती चांगल्या रोपांना. माझी बघ ना, उभ्याउभ्या पडतायत."

"पडतायत? मग खालची माती उकरून बघ."

"मला कुठे बघायचं ते चांगलं कळतं, ओपा," इनोबत म्हणाली. रिसोलत तिच्याहून पाच-सहा महिन्यांनीच मोठी होती. तिला चिडवायचं असलं की इनोबत आवर्जून 'ओपा', थोरली ताई, म्हणायची, म्हातारीला म्हणावं तसं.

माती उकरून बघ म्हणे! चोर सांगतो, खिडकीकडे नको, जमिनीकडे बघ. इनोबतचा संशय त्या सल्ल्याने आणखी घट्ट झाला.

तो फुटला पाळण्याच्या मेजवानीत. गल्लीच्या टोकाच्या घरी नातू झाला होता, त्याला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं म्हणून बायका जमल्या होत्या. पाळण्यावर बदाम-गोळ्या उधळून झाल्या, पुलाव आला, आणि कोणीतरी सहज विचारलं, "इनोबत ओपा, यंदा टोमॅटो कसे?"

"माझे टोमॅटो?" इनोबतने चमचा खाली ठेवला. "देव देतो तेवढे येतील. पण काही जणींचे हात लांब असतात आणि त्यांच्या घरात नवी कात्री असते. त्यांना विचारा."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. रिसोलतने हातातला नान-रोटीचा तुकडा हळूच खाली ठेवला, हात पुसले आणि उठली.

"चल."

"कुठे?"

"तुझ्या परसात. आत्ताच्या आत्ता. आणि तुम्हीही चला गं सगळ्या, पुलाव पळून जात नाही."

आणि खरोखरच सगळ्या निघाल्या. रेशमी कपडे, सोन्याचे दात, कडेवरची पोरं, असा तो अख्खा लवाजमा इनोबतच्या फाटकातून आत शिरला. खोलमत बाबा बैठकीवरून उठून म्हणाले, "लग्न आहे का आपल्याकडे?"

रिसोलतने चांगल्या कपड्यांची पर्वा न करता वाफ्यात गुडघे टेकले. त्याच सकाळी पडलेलं रोप इनोबतने अजून उचललं नव्हतं. त्याच्या बुडाशी रिसोलतने तर्जनी खुपसली, ढेकूळ उलटं केलं, थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि चिमटीत धरून काहीतरी वर काढलं. मातकट करड्या रंगाची, करंगळीएवढी जाड, तुळतुळीत अळी. उजेडात येताच ती गोल वेटोळं करून पडली, जसं काही आपण इथे नाहीच.

"हात पुढे कर," रिसोलत म्हणाली, आणि इनोबतने हात पुढे करताच ती तिच्या तळहातावर ठेवली. "ही घे माझी कात्री. अंधार पडला की वर येते, देठ कापते, उजाडायच्या आत तिथल्या तिथेच मातीत शिरते. पान खात नाही, टाकून जाते. मी सांगितलं होतं, माती उकर. पण तुला मातीपेक्षा माझं तोंड वाईट दिसत होतं."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. मग सगळ्याच. रिसोलत मात्र हसली नाही. गुडघ्यावरची माती झटकत ती फाटकापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पंचवीस वर्षं शेजारी राहिले मी तुझ्या. पंचवीस वर्षं."

इनोबत तशीच उभी राहिली, हातात अळी घेऊन.

पुढचे काही दिवस बाजारात बायका तिला विचारायच्या, "काय इनोबत ओपा, चोराला पोलिसात दिलं की कोंबडीला?" ती खाली मान घालून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसायची. शेजारच्या जागेवर रिसोलत बसायची, पण दोघींच्या मध्ये आता एक रिकामी टोपली असायची, रिसोलतने ठेवलेली.

त्या टोपलीच्या लाजेने इनोबत परसात वाकली ती वाकलीच. रोज सकाळी रोपांच्या बुडाशी बोट घालून अळ्या काढायची आणि कोंबड्यांपुढे टाकायची. आजवर तिला सगळी कीड एकच होती, राख टाकली की झालं. आता ती प्रत्येकीची खूण ओळखायला शिकली. मुळ्याच्या पानावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली की ते टुण्णकन उडणारे काळे भुंगेरे. काकडीचं शेंड्याचं पान मुडपलं आणि बोटाला चिकट लागलं की मावा, आणि देठावर मुंग्यांची ये-जा दिसली म्हणजे तर नक्कीच. बटाट्याच्या पानाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका म्हणजे पट्टेवाला भुंगा येऊन गेला, आठवड्यात नुसत्या शिरा उरतील. वांग्याचं झाड हलवल्यावर पिठासारखं काही उडालं की पांढरी माशी. प्रत्येकाची खायची तऱ्हा वेगळी, वेळ वेगळी, लपायची जागा वेगळी. कोणी कडेने कातरतं, कोणी मधेच भोक पाडतं, कोणी नुसता रस ओढून पान पिवळं करतं. तिला वाटलं, माणसांपेक्षा ही बरी. जे करतात ते एकाच पद्धतीने करतात.

आणि तेवढ्यात मिरच्या सुकायला लागल्या.

मिरचीची रोपं तिने स्वतः लावली होती, प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन, एक मेलं तर दुसरं राहावं म्हणून. आधी एका ओळीत, मग दुसऱ्या ओळीत रोपं माना टाकू लागली. इनोबतने लगेच बुडाशी बोट घातलं. अळी नाही. देठ कापलेला नाही. पान उलटून पाहिलं, मावा नाही. जमिनीखालून बोगदे काढणाऱ्या किड्याने मुळं खाल्ली असतील म्हणून तिने एक रोप उपटलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं सगळी जागेवर, पण केसासारखे बारीक तंतू वाळलेले. आणि खड्ड्याभोवतीची माती हाताने दाबलेली.

इनोबतने आजूबाजूला पाहिलं.

हे रोप कोणीतरी उपटलं होतं. उपटून परत लावलं होतं. किडा उपटून परत लावत नाही.

या वेळी तिने तोंड उघडलं नाही. एकदा शोभा झाली होती तेवढी पुरे होती. तिने रोप ओढणीत गुंडाळलं आणि गुपचूप विचार करू लागली. रिसोलत? नाही. ती आता मध्ये टोपली ठेवून बसते, भिंतीकडे पाठ करून काम करते, आणि इनोबत बाजारात असते तेव्हा तीही बाजारातच असते. मग घरात कोण असतं? बाबा. ते तर बैठकीवर. आणि गुलसनम.

हे नाव मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. पण संशय ही अशी चीज आहे, की दारातून हाकलली तर धुराड्यातून आत येते. तिला एकेक गोष्ट दिसू लागली. बाजारातून दुपारी परतल्यावर सुनेचे रबरी सपाते ओले असायचे, टाचेला परसातली काळी माती. तांब्याची मोठी परात, जी भिंतीला टांगलेली असायची, ती दोनदा परसाच्या दाराशी सापडली, तळाशी पाणी. परसाचं ते दार पूर्वी दिवसभर उघडं असायचं, आता आल्यावर ओढलेलं दिसायचं. आणि सकाळी सूनच घाई करायची. "जा ना ओयी, उशीर होईल. कोथिंबीर कोमेजेल. घराचं मी बघते." आधी कधी म्हणाली होती का अशी?

"परसात गेली होतीस?" इनोबतने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी? हो... कपडे वाळत घालायला."

"कपडे तर अंगणात वाळतायत."

गुलसनमने किटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "तिथे ऊन चांगलं होतं. मग परत आणले."

तिला खोटं बोलता येत नाही, इनोबतला वाटलं. आणि ज्याला येत नाही तो बोलतो, म्हणजे कारण मोठं आहे.

कारणही मिळालं. एका संध्याकाळी सून तंदूरच्या आडोशाला उभी राहून फोनवर इल्योसशी बोलत होती, आवाज दाबून. "नाही, ओयींना नका सांगू. तुम्हाला माझी शपथ... त्यांना कळलं तर काय होईल माहितेय ना?... मी सांभाळते तोवर." एवढंच ऐकू आलं. बाकीचं इनोबतने स्वतःच भरलं. मिरची बुडाली की घरात बाजाराचं येणं आटेल. येणं आटलं की इल्योस म्हणेल, आई, आता हे परस-बिरस सोड, गुलसनमला माझ्याकडे पाठव, तीही इथे कामाला लागेल. शेजारच्या गल्लीतल्या किती पोरी अशाच गेल्या. मग म्हाताऱ्याला आणि म्हातारीला कोण बघणार? कोणी नाही. किती गोड चेहऱ्याने मुळावर घाव घालतेय पोरगी! रिश्तानचे कुंभार. बाहेरून चकचकीत निळा रंग, आत भेग.

इनोबत सुनेच्या हातचा चहासुद्धा जरा थांबून पिऊ लागली.

शेवटी तिला राहवलं नाही. या गावात मिरचीच्या रोपाचं मढं बघून खरं सांगेल असं एकच माणूस होतं. ती ओढणीत सुकलेली दोन रोपं घेऊन रिसोलतच्या दारात गेली. सोबत नान-रोट्यांची एक चवड होती, वरून तीळ लावलेली. रिकाम्या हाताने माफी मागायला जायची तिची हिंमत नव्हती.

रिसोलतने रोट्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "आता काय? माझी कात्री मिरचीत आली?"

"रिसोलत," इनोबत म्हणाली. 'ओपा' नाही म्हणाली. "त्या दिवशी मी गाढवासारखी बोलले. तुला थुंकायचं असेल तर थुंक. पण हे एकदा बघ."

रिसोलतने आधी रोट्या बाजूला ठेवल्या. मग तिने रोप घेतलं, मुळं उजेडात धरली, बोटाने तंतू तपासले.

"सगळ्या ओळीत?"

"तीन ओळींत. दोन रोपांतलं एकच सुकतं. दुसरं टवटवीत."

"कुठलं सुकतं? उजवं, डावं?"

"बारकं. नेहमी बारकंच."

रिसोलतने भुवया उंचावल्या. "नेहमी?"

"नेहमी. मजबूत रोपाला कधीच हात नाही."

"मग या किड्याला सहा पाय नाहीत, बाई," रिसोलतने रोप परत तिच्या हातात ठेवलं. "दोन आहेत. आणि अक्कलही आहे. कीड तुझ्यासाठी बारकं-मोठं निवडत बसत नाही. ती तर कोवळं आणि लठ्ठ आधी खाते." जरा थांबून ती म्हणाली, "माझं नाव घेणार असशील तर आत्ताच घे, म्हणजे हे नान परत देते."

"तुझं नाही," इनोबत म्हणाली. "माझ्या घरातलं आहे."

रिसोलतने मग चहाला बस म्हटलं, पण इनोबत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी टोपली घेऊन निघाली. गाडीत बसली, पण पुलापाशीच उतरली, आणि कालव्याच्या काठाने, तुतीच्या झाडांच्या आडून घराकडे परत आली. स्वतःच्या घरावर चोरासारखं जाताना तिला लाज वाटत होती आणि पाय मात्र भराभर पडत होते. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. काय बोलायचं, किती बोलायचं, इल्योसला फोन कधी लावायचा, सुनेच्या आईबापांना कोणाकरवी बोलवायचं. परसाचं दार ओढलेलं होतं. तिने फटीला डोळा लावला.

मिरचीच्या ओळीत खोलमत बाबा होते.

जो माणूस बैठकीवरून उठताना दोन वेळा 'या अल्ला' म्हणायचा, तो कमरेत काटकोनात वाकून ओळीतून चालला होता, आणि त्याचे हात... इनोबतने ते हात असे चालताना किती वर्षांत पाहिले नव्हते. डावा हात रोपांचं जोडपं बाजूला सारायचा, उजवा क्षणभर थांबायचा, बारकं रोप मुळासकट उचलायचा आणि बाजूला टाकायचा. मग अंगठ्याने माती दाबून पुढे. सरक, सार, उचल, दाब. एकही मजबूत रोप चुकून उपटलं जात नव्हतं.

कापसाची विरळणी! कोलखोजच्या सामुदायिक शेतांत वसंत सरताना गावच्या गाव वाकायचं, दाट उगवलेल्या कापसातली रोडकी रोपं काढून जोमदार तेवढी ठेवायला. बाबांच्या हाताखाली पंचवीस-तीस माणसं असायची.

"झुका, झुका!" बाबा पुटपुटत होते. "जपून! आईला मारू नका, पोरं काढा. दुपारपर्यंत पाटापलीकडे पोचायचंय."

आणि त्यांच्या मागून दहा पावलांवर परात घेतलेली गुलसनम. गुडघ्यांवर रांगत ती प्रत्येक फेकलेलं रोप उचलत होती, मुळं परातीतल्या पाण्यात बुडवत होती, आणि परत त्याच खड्ड्यात लावून माती दाबत होती. म्हातारा पुढे उपटत चालला होता, पोरगी मागे लावत चालली होती. ओढणीने घाम पुसायलाही तिला सवड नव्हती, कारण बाबांचा वेग तिच्याहून जास्त होता.

इनोबतने दार ढकललं. ते करकरलं.

गुलसनमने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांनीही वळून पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, आणि आवाज चढवून म्हणाले, "आलीस का? रयॉनच्या कचेरीला सांग, आमची तुकडी मागे नाही. तिसरी ओळ चालू आहे."

"सांगते बाबा," इनोबत म्हणाली. तिच्या तोंडून आपोआपच निघालं.

बाबा समाधानाने पुन्हा वाकले. इनोबत सुनेपाशी गेली. जुळवलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली होती.

"कधीपासून?"

"मिरची लावली तेव्हापासून, तुम्ही बाजारात गेलात की," गुलसनम खाली बघत म्हणाली. "मी थांबवलं होतं, ओयी. पहिल्या दिवशी थांबवलं. तर ओरडले, म्हणाले, ओळ अर्धी टाकली तर सगळ्या तुकडीचं नाव जातं. मग संध्याकाळी त्यांना भान आलं. हातातली माती बघून मला विचारलं, मी काय केलं? मी सांगितलं. तर रडले ओयी. लहान पोरासारखे. म्हणाले, तुझ्या सासूने स्वतःच्या हाताने लावलेलं मी उपटलं, तिला सांगू नकोस. मी कबूल केलं."

"आणि इल्योसला?"

"त्यांना सांगितलं. डॉक्टरला विचारायला."

"मला नाही सांगितलंस."

गुलसनमने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही रिसोलत ओपांना भर मेजवानीत चोर म्हणालात. अळीच्या चुकीसाठी. बाबांना काय म्हणाला असतात?"

सून इतकं बोलू शकते हेच इनोबतला माहीत नव्हतं. ती खाली बसली, परातीत हात घातला, एक रोप उचललं, मुळं चुरगळू नयेत म्हणून बोटांनी मोकळी केली.

"एवढ्या पाण्याने नाही जगणार," ती म्हणाली. "वरची पानं थोडी खुडून टाक, तरच धरतील. आणि उन्हात नको लावूस, सावलीत ठेव ओल्या फडक्यात. संध्याकाळी दोघी मिळून लावू."

"रागावला नाहीत?"

"रागावलेय," इनोबत म्हणाली. "कोणावर ते अजून कळत नाहीये. परात धर नीट."

बाबा ओळीच्या टोकाला पोचले तेव्हा दोघी त्यांना हात धरून बैठकीवर घेऊन आल्या. चहा प्यायल्यावर ते शांत झोपले. गुलसनम कणीक मळायला गेली. तिने आणून दिलेला चहा इनोबतने गरम असतानाच एका दमात संपवला, जीभ पोळली तरी.

संध्याकाळी भिंतीवरून रिसोलतचा आवाज आला. "सापडला का तुझा दोन पायांचा?"

इनोबत भिंतीपाशी गेली आणि सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर रिसोलत भिंतीवरची माती नखाने खरवडत राहिली.

"मी लहान असताना त्यांच्याच तुकडीत होते," ती म्हणाली. "शाळेतून नेत आम्हाला. एका पोरीने चुकून चांगली रोपं उपटली तर बाबांनी तिला शिवी नाही दिली. तिच्या पुढच्या ओळीत स्वतः वाकून दाखवलं. ती पोरगी मीच." मग नेहमीच्या सुरात म्हणाली, "पण तुझ्या मिरचीत विरळणी करून काय फायदा? फुकट नासाडी. माझी गाजरं बघितलीस? केसांसारखी दाट उगवलीत. मला कंबर वाकवायला वेळ नाही. उद्या पाठव त्यांना इकडे."

"त्यांनी सगळीच उपटली तर?"

"तर मी पुलावात गाजराऐवजी मुळा घालीन. पाठव गं."

दुसऱ्या दिवशी बाजार बुडवून इनोबत आणि गुलसनम बाबांना धरून रिसोलतच्या परसात घेऊन गेल्या. रिसोलतने त्यांच्या डोक्याला रुमाल बांधला, जसा शेतात बांधत. बाबा गाजराच्या हिरव्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले आणि तिघी बायका श्वास रोखून त्यांच्याकडे. मग ते वाकले. बोटं कोवळ्या पाल्यात शिरली, एक ठेवलं, तीन काढली, एक ठेवलं, दोन काढली. निम्मी ओळ झाल्यावर ते थांबले. उपटलेली काडी नाकाशी नेली, वास घेतला, आणि संशयाने रिसोलतकडे पाहिलं.

"हा कापूस नाही," ते म्हणाले.

इनोबत पुढे झाली. "नाही बाबा. गाजर आहे."

बाबांनी काडी पुन्हा हुंगली, विचार केला.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "गाजर दाट ठेवलं तर बारीक राहतं." आणि ते पुढे सरकले.